बालबोधमुक्तावली आणि अद्भुतकथेचे सामाजिक मूल्य

१

मराठी मुलांसाठी छापलेले पहिले गोष्टींचे पुस्तक पुण्यात निघाले नाही आणि मुंबईतही निघाले नाही. ते कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरात, इ. स. १८०६ मध्ये निघाले. सरफोजीराजे भोसले यांच्या आश्रयास असलेल्या सख्खण पंडितांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि राजांच्या देवनागरी छापखान्यात त्या ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या. वाङ्मयेतिहासकार या पुस्तकाची नोंद मुद्रणाच्या प्रकरणात करतात आणि मराठी बालवाङ्मयाचा आरंभ म्हणून त्याला मान देऊन पुढे जातात. परंतु आरंभाला केवळ सन नसतो, स्वभावही असतो. ज्या नगरात त्या काळी मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत अशा चार भाषांतून गोष्टी सांगितल्या व ऐकल्या जात होत्या, त्या नगरातील छापखान्याने मुलांसाठी पहिली निवड केली ती नीतिकथेची. आजीच्या तोंडची अद्भुतकथा, जिला पुढे इंग्रजीच्या वळणाने ‘परीकथा’ हे नाव मिळाले, ती छापखान्याच्या दाराबाहेर राहिली. या निवडीमागे एक गृहीत आहे : मुलाला समाजात वागण्यास शिकवायचे तर त्याला नियम सांगावा, आणि नियम गळी उतरावा म्हणून त्याला गोष्टीचे आवरण द्यावे. हे गृहीत मराठी बालवाङ्मयाने पुढे दीर्घकाळ वागविले. ते कितपत खरे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

२

ही निवड तशी का झाली हे समजण्यासाठी तिच्या कर्त्याची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये ते निवर्तल्यावर गादीचा वाद उभा राहिला. श्वार्ट्झ आणि गेरिके या जर्मन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली या राजपुत्राचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये गादी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. ज्या राजाच्या हातात राज्य उरले नव्हते त्याने विद्येचा कारभार हाती घेतला. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्याने वाढविला, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने शिक्षणाची आणि मुद्रणाची व्यवस्था उभारली.

या राजाची शिक्षणदृष्टी आपल्या काळाच्या पुढे होती यात शंका नाही. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगत फिरणारी कुरवंजी स्त्री जगाचा भूगोल सांगते. तमिळ लोकनाट्याचा साचा, मराठी भाषा आणि युरोपीय भूगोल यांचा हा संगम दुसऱ्या कोणत्याही मराठी दरबारात घडण्यासारखा नव्हता. पण भूगोलासाठी लोककलेकडे वळलेल्या या दरबाराने मुलांच्या गोष्टीसाठी मात्र इसापाकडे पाहिले. इंग्रजी शिक्षणपरंपरेत त्याचे कारण सापडते. जॉन लॉकने १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना इसापाच्या गोष्टींची शिफारस केली होती. भुताखेतांच्या गोष्टींपासून मुलांना दूर ठेवावे असेही त्याचे मत होते. इसापाची गोष्ट आखूड असते, तिचे तात्पर्य वेगळे काढता येते आणि शाळेत त्यावर प्रश्न विचारता येतो. पंतोजीला सोयीचे असे हे वाङ्मय आहे.

शिवाय ते आपल्याला परकेही नव्हते. पंचतंत्राची कथा घडते तीच मुळी दक्षिण देशातील महिलारोप्य नगरात. अमरशक्ती राजाचे तीन मंद पुत्र विष्णुशर्म्याने गोष्टी सांगून शहाणे केले, हे तिचे निमित्त. तेव्हा तंजावरच्या राजाने प्राण्यांच्या गोष्टींतून मुलांना शहाणे करावे यात एक जुनी राजपरंपराच पुढे चालली होती. श्रीरामपूरच्या मिशनने १८१५ मध्ये मराठी ‘हितोपदेश’ छापला, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये मुंबईत निघाली. ज्या वाटेने मराठी बालवाङ्मय पुढे चालले ती तंजावरनेच प्रथम पाडली होती. अद्भुताला छापील मराठी गद्यात प्रतिष्ठा मिळाली ती बव्हंशी मोठ्यांच्या वाचनात, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून प्रसिद्ध केलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींच्या रूपाने.

३

नीतिकथेचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील समाज कोणता आहे हे पाहिले पाहिजे. इसाप आणि विष्णुशर्मा या दोघांच्याही जगात बलवान आहेत आणि दुर्बल आहेत, फसविणारे आहेत आणि फसणारे आहेत. या जगात सावध राहणे हा पहिला धर्म आहे. विष्णुशर्म्याचे शिष्य भावी राजे होते, त्यांना मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखण्याची विद्या हवी होती. पाच वर्षांच्या मुलालाही ती कधीतरी हवी असतेच. मात्र समाजात राहण्याची ती पहिली विद्या नव्हे.

या प्रश्नावर सर्वांत मार्मिक आक्षेप रूसोचा आहे. ‘एमील’ या १७६२ च्या ग्रंथात त्याने कावळा आणि कोल्हा हीच गोष्ट तपासावयास घेतली. कावळ्याच्या चोचीत चिजाचा तुकडा आहे, कोल्हा त्याच्या आवाजाची स्तुती करतो, कावळा गाण्यासाठी चोच उघडतो आणि तुकडा कोल्ह्याच्या तोंडी पडतो. तात्पर्य असे की स्तुतीला भुलू नये. रूसो म्हणतो की मूल हे तात्पर्य घेतच नाही. ते कावळ्याला हसते आणि कोल्ह्याच्या बाजूचे होते, म्हणजे ज्या दोषापासून त्याला वाचवावयाचे तोच दोष त्याला आकर्षक वाटू लागतो. हा आक्षेप अडीचशे वर्षांनंतरही खोडता आलेला नाही. ऐकणारे मूल गोष्टीत कोठे उभे राहते हे सांगणाऱ्याच्या हाती नसते, आणि तात्पर्य मात्र सांगणाऱ्याच्या जागेवरून काढलेले असते.

येथे तंजावरचीच साक्ष उपयोगी पडते. ही गोष्ट तमिळ घरांतही आहे. लहान मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत ती बहुधा सर्वांत परिचित असेल. पण तमिळ गोष्टीत चिजाचा तुकडा नाही. तेथे एक पाट्टी, म्हणजे आजी, झाडाखाली वडे तळून विकते आहे. कावळा तिच्या टोपलीतला वडा पळवितो, आणि मग कोल्हा येतो. फरक दिसावयास लहान आहे. परिणाम मोठा आहे. इसापाच्या जुन्या पाठातही तुकडा चोरलेला असतो, पण ज्याचा तो चोरला त्याला चेहरा नसतो. तमिळ गोष्टीने त्याला चेहरा दिला, हातात झारा दिला आणि पोट भरण्यासाठी वडे तळावयास बसविले. त्याबरोबर गोष्टीचा सारा तोल बदलला. कावळा आता गर्विष्ठ गवई राहिला नाही, तो एका म्हाताऱ्या कष्टकरी बाईचा चोर झाला. कोल्ह्याची युक्ती चोराला मिळालेली अद्दल ठरली, पण वडा काही आजीकडे परत गेला नाही. येथे मूल जो प्रश्न विचारते तो स्तुतीविषयी नसतो, आजीच्या वड्याचे काय झाले असा असतो. कोणत्याही तात्पर्यात न मावणारा हा प्रश्न हीच त्या मुलाच्या सामाजिक जाणिवेची पहिली खूण होय. तिसऱ्याचे नुकसान दिसू लागणे म्हणजेच समाज दिसू लागणे.

पुढे या गोष्टीत आणखीही भर पडली. एका नव्या पाठात कावळा वडा पायाखाली धरतो आणि मग निर्धास्तपणे गातो. गोष्ट सांगणारा समाज असा तिचे निरंतर संपादन करीत असतो. छापील मुक्तावलीला ही सोय नव्हती.

४

आता नीतिकथेच्या शेजारी अद्भुतकथा ठेवून पाहू. ‘परीकथा’ हा शब्द मराठीत आधुनिक आहे, आणि आपल्या जुन्या गोष्टींत पऱ्या थोड्याच आढळतात. मराठी अद्भुतकथेचे खरे घर म्हणजे कहाणी आणि आजीची गोष्ट. तिचे आटपाट नगर कोणत्याही नकाशावर नाही. तेथील राजाला बहुधा नाव नसते, राणी आवडती किंवा नावडती असते, आणि देव, म्हातारी, साप, झाड ही सर्व एकाच पातळीवर बोलतात.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्यावी. शिवभक्त राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा असतो. तो आज्ञा करतो की सर्वांनी घरचे सारे दूध देवळात आणावे. लोक भयाने आणतात, मुलांना ठेवीत नाहीत, वासरांना ठेवीत नाहीत, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरचे काम उरकते, मुलाबाळांना आणि वासरांना दूध पाजते, सुनांना तृप्त करते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात जाते. तिचे दूध पडते आणि गाभारा भरतो. राजा नवलाने तिला धरवून विचारतो, तेव्हा ती अभय मागून सांगते की तुझ्या आज्ञेने पोरेबाळे आणि वासरे तळमळली, ते देवाला आवडले नाही.

ही कहाणी व्रताची आहे, पण तिचा आशय व्रतापुरता नाही. येथे राजाचा अपराध दुष्टपणाचा नाही. त्याचा हेतू शुद्ध आहे, आणि तरीही तो चुकला आहे. ही गोष्ट पाच ओळींच्या नीतिकथेत बसणारी नाही, कारण नीतिकथेत दोष आणि गुण आधीच वाटून दिलेले असतात. आणखी असे की कहाणी ऐकणारे मूल स्वतःच त्या कहाणीतले उपाशी मूल आहे. राजाच्या भक्तीचा खर्च कोणाच्या वाटीतून झाला हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. सत्तेला प्रश्न विचारणारी व्यक्ती येथे शूर सरदार नसून म्हातारी आहे, आणि ती अभय मागूनच बोलते, म्हणजे भीती तिलाही आहे. न्याय्य वाटणी, मोठ्यांच्या आज्ञेची मर्यादा आणि भीत भीत का होईना खरे बोलणे, इतके सामाजिक शिक्षण एका खुलभर दुधात सामावले आहे. त्यातले एकही वाक्य उपदेशाचे नाही.

शुक्रवारच्या कहाणीतही असेच आहे. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि दरिद्री बहिणीला पंक्तीतून उठवितो. लक्ष्मीच्या कृपेने तिचे दिवस पालटल्यावर तोच तिला आग्रहाने बोलावितो. ती पाटावर दागिने मांडते आणि घास दागिन्यांना देते, कारण जेवणास बोलावणे त्यांना आहे, तिला नाही. अपमान काय असतो आणि त्याला उत्तर कसे द्यावे हे ज्या मुलाने या दृश्यातून पाहिले त्याला समतेवरील पाठ निराळा वाचावा लागत नाही.

सर्वांत लहान मुलांची काऊचिऊची गोष्टही या दृष्टीने पुन्हा ऐकण्यासारखी आहे. शेणाच्या आणि मेणाच्या घरांची ही गोष्ट चक्रधरांनी सांगितल्याचे लीळाचरित्रात आले आहे, म्हणजे मराठीत ती तेराव्या शतकापासून तरी नांदते आहे. घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दाराशी भिजत उभा आहे आणि चिमणी बाळाचे एकेक काम सांगून दार उघडण्याचे लांबवीत आहे. मुले या लांबणीत रमतात, पण ती दोन्ही बाजूंना असतात. दाराच्या आत बाळ आहे, तेही मूलच. बाहेर भिजणाराही कोणीतरी आहे. कोणाला घरात घ्यावे, केव्हा घ्यावे, किती वेळ ताटकळत ठेवावे हे प्रश्न सुटत नाहीत, केवळ उभे राहतात. वेगवेगळ्या घरी या गोष्टीचा शेत वेगवेगळा होतो, कोठे कावळ्याला चटका बसतो, कोठे त्याला आसरा मिळतो, यात नवल नाही. प्रत्येक घर येथे आपल्या दाराविषयीचा निर्णय सांगत असते.

आशयाइतकेच गोष्ट सांगण्याच्या रीतीलाही महत्त्व आहे. आजीची गोष्ट एकट्याने ऐकावयाची नसते. भोवती भावंडे असतात, शेजारची मुले असतात, आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यावयाचा असतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. दुसऱ्याला बोलू देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सर्वांबरोबर भिणे आणि सर्वांबरोबर हसणे, या सवयी त्या वर्तुळातच लागतात. तिसऱ्या वेळी काय घडणार हे ठाऊक असूनही मूल तिसऱ्या वेळेची वाट पाहते, आणि सांगणाऱ्याने एक पायरी गाळली तर तक्रार करते. दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे ही अपेक्षा मुलाने प्रथम गोष्टीकडून केलेली असते, माणसांकडून ती ते नंतर करते.

५

या मताविरुद्ध दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला शिक्षणशास्त्राचा. मारिया मॉण्टेसरी यांच्या मते लहान मुलाला आधी वास्तवाची ओळख हवी. जे मूल खरे आणि खोटे यांत भेद करू शकत नाही त्याला मोठ्यांनी आपली कल्पिते देणे म्हणजे त्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेणे होय. १९३९ पासूनच्या महायुद्धकाळात त्यांचे वास्तव्य मद्रासजवळ अड्यारला होते आणि त्यांच्या विचारांचा भारतीय बालशिक्षणावर खोल ठसा उमटला. परंतु भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका हे मॉण्टेसरींचे अनुयायी असूनही लोककथेचे कैवारी होते. त्यांनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभारले त्यात मुलांच्या परिसरातील गाणी-गोष्टींना स्थान होते. या दोघांच्या अनुभवातून निघणारे उत्तर असे की मूल आटपाट नगराला खरे मानीत नाही आणि खोटेही मानीत नाही. ‘एक होता राजा’ हे शब्द म्हणजे खेळ सुरू झाल्याची खूण असते, आणि खेळाचे नियम मुलाला मोठ्यांहून अधिक कळतात.

दुसरा आक्षेप समाजशास्त्राचा आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. अद्भुतकथा समाजाचे शहाणपण जसे पोहोचविते तसे त्याचे पूर्वग्रहही पोहोचविते. रूपवती ती सद्गुणी, सावत्र आई ती दुष्ट, मुलीचे भूषण सोसण्यात, आणि दुःखाचा शेवट राजाच्या घरी लग्न होण्यात, हे साचे मराठी, तमिळ आणि जर्मन गोष्टींत सारखेच आढळतात. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांचे जे प्रसिद्ध मानसशास्त्रीय समर्थन केले ते या ठिकाणी अपुरे पडते. त्यांच्या मते राक्षस आणि सावत्र आई ही मुलाच्या मनातील भयांची रूपे असतात आणि त्यांच्याशी गोष्टीत झुंजून मूल अंतरीचा तोल मिळविते. हे एकट्या मुलाचे सत्य असेल. पण ज्या वर्तुळात गोष्ट सांगितली जाते तेथे एखादी सावत्र मुलगीही बसलेली असते, आणि तिच्या दृष्टीने ती आई केवळ प्रतीक नसते.

म्हणून अद्भुतकथा तेवढी हितकर आणि नीतिकथा तेवढी अहितकर अशी वाटणी करता येत नाही. समीक्षेला कसोटी हवी, आणि ती कथाप्रकाराची नसून कथेत मुलासाठी ठेवलेल्या जागेची आहे. जी गोष्ट आपले उत्तर आधी ठरवून येते ती मुलाला आज्ञाधारक करील, सामाजिक करणार नाही. जी गोष्ट त्याला एकाहून अधिक जागी उभे राहू देते, म्हातारीच्या, वासराच्या, भिजणाऱ्या कावळ्याच्या, ती त्याला दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची सवय लावते. या कसोटीला इसापाची काही गोष्टही उतरेल आणि आटपाट नगरची काही कहाणी नापास होईल.

६

ही कसोटी तंजावरला लावली असता जे दिसते ते मराठी वाङ्मयाला चिंतेचे वाटावे. राज्य १८५५ मध्ये संपले, पण भाषा संपली नाही. तंजावरची मराठी तमिळनाडूतील अनेक कुटुंबांत आजही बोलली जाते. तिच्यावर तमिळची दाट छाया आहे, तिचे उच्चार आणि वळणे महाराष्ट्राच्या प्रमाण भाषेहून वेगळी आहेत, आणि ती बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण तमिळ वा इंग्रजी माध्यमात झाले असल्याने देवनागरीतील मराठी वाचन त्यांच्या सरावाचे नाही. ज्या नगरात मराठी मुलांसाठी पहिले पुस्तक छापले गेले तेथील मराठी मुलाकडे मराठी आज मुख्यतः कानांनी येते. तमिळनाडूतील चामडी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या पारंपरिक कलावंतांची घरची भाषा मराठीची बोली आणि खेळाची भाषा तमिळ, हे उदाहरण या परिस्थितीचे प्रतीकच मानावे. एका भाषेत जगून दुसऱ्या भाषेत गोष्ट सांगणे त्यांनी पिढ्यान्पिढ्या केले आहे.

अशा मुलाला आजीची मराठी गोष्ट काय देते ? शब्दसंग्रह देते हे उत्तर पुरेसे नाही. शाळेत पाट्टीच्या वड्याची गोष्ट ऐकून आलेले मूल घरी काऊचिऊची गोष्ट ऐकते, तेव्हा त्याला दोन कावळे भेटतात. एक चोर असतो आणि एक बेघर. कोणता खरा हे त्याला कोणी सांगत नाही. शेजाऱ्याच्या घरी जग वेगळ्या रीतीने सांगितले जाते आणि तरी तो कावळा ओळखीचा असतो, ही जाणीव बहुभाषिक समाजात राहण्याची खरी पूर्वतयारी आहे. ती कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पाठातून इतक्या लवकर येत नाही.

तेव्हा कर्तव्य उघड आहे. महाराष्ट्रात सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोककथेकडे ज्या आस्थेने पाहिले त्या आस्थेने तंजावरी मराठीतील गोष्टी गोळा झाल्या पाहिजेत. त्या पुण्याच्या भाषेत शुद्ध करून नव्हे, सांगणाऱ्याच्या तोंडच्या उच्चारांसह, तमिळ शब्दांसह. त्या देवनागरीत जशा छापाव्यात तशा तमिळ लिपीतही छापाव्यात, म्हणजे ज्यांच्या घरच्या त्या आहेत त्यांनाही वाचता येतील. आणि त्यांच्या शेवटी तात्पर्य जोडण्याचा मोह आवरावा. सख्खण पंडितांच्या काळी तात्पर्याशिवाय गोष्ट शाळेत शिरू शकली नसती. आता तो अडथळा उरलेला नाही.

सरफोजीराजांनी १८०६ मध्ये मुलांसाठी छापखाना चालविला ही गोष्ट मराठीला भूषणावह आहेच. त्या छापखान्यात जे राहून गेले ते अजून सर्वस्वी हरवलेले नाही. ते काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि ऐकणाऱ्या मुलाचा हुंकार मिळेल तोवरच ते तेथे राहील.